टीव्ही नवा आला म्हणून रिसीव्हर जुना झाला का?

वाचकाचा प्रश्न

दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ मुंबईतली नोकरी संपवून २०१९ साली पत्नीसह गावच्या घरी कायमचे राहायला आले. त्यांनी २००७ साली हौसेने होम थिएटर घेतलं होतं. वेगळा रिसीव्हर (आवाज वाढवून स्पीकरना वाटून देणारं यंत्र), पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, असा तो संच आहे. निसर्ग वादळात घराची अर्धी कौलं गेली, पण गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलेला रिसीव्हर शाबूत राहिला. गेल्या दिवाळीत त्यांनी पंचावन्न इंची ४के टीव्ही घेतला आणि अडचण सुरू झाली. रिसीव्हरला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) नाही, आणि तो ज्या लाल-हिरव्या-निळ्या वायरींनी चित्र देतो त्यांची भोकं नव्या टीव्हीला नाहीत. टीव्हीला ऑप्टिकलचं एक चौकोनी भोक आहे, पण दुकानदार म्हणाला, "ते आता कोणी वापरत नाही." नवा रिसीव्हर आणि नवे स्पीकर मिळून त्याने नव्वद हजारांचा अंदाज दिला. गणपतीला आलेला पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं भंगारात द्या आणि एक साउंडबार घ्या." लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रिसीव्हर घुं घुं आवाज करतो, त्यावरून त्याचे दिवस भरले असंही तो म्हणाला. दिवाळीपासून रिसीव्हर बंद आहे, टीव्ही स्वतःच्या स्पीकरवर चालतो आणि पत्नीला संवाद नीट ऐकू येत नाहीत.

"पैसे आहेत, पण उगाच घालवायचे नाहीत. आणि आता बदललं नाही तर पुढे काहीच जोडता येणार नाही, अशी भीती वाटते," असं ते लिहितात.

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, प्रश्न यंत्राचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुम्हाला कुणीतरी घाईला घातलं आहे. दुकानदार, पुतण्या आणि नव्या टीव्हीची पाठ, तिघांनी मिळून "तुमचं सामान कालबाह्य झालं" असं सांगितलं आणि तुम्ही ते मान्य केलंत. आधी ते खरं आहे का ते पाहू, मग खर्चाचं बोलू.

तुमच्या मनात चित्र आणि आवाज अजून एकाच वाटेने चालले आहेत. २००७ साली ते बरोबरच होतं. डीव्हीडी प्लेअर आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही रिसीव्हरला जोडायचे, रिसीव्हरने आवाज स्वतःकडे ठेवायचा आणि चित्र टीव्हीकडे पाठवायचं. तेव्हा टीव्ही म्हणजे नुसता पडदा होता. आज सिनेमा, नाटक, मालिका टीव्हीच्या आतल्या ॲपमधूनच सुरू होतात. चित्र जिथे दिसायचं तिथेच तयार असतं, त्याला रिसीव्हरकडे जायची गरजच उरलेली नाही. फक्त आवाज टीव्हीतून बाहेर काढून रिसीव्हरपर्यंत आणायचा आहे. त्यामुळे लाल-हिरव्या-निळ्या वायरींची भोकं टीव्हीला नाहीत याने तुमचं काही अडत नाही. ती सोय तशीही संपणारच होती. त्या वायरींतून ४के चित्र कधी गेलंच नाही, आणि चोरटी प्रत निघू नये म्हणून ब्ल्यू-रे प्लेअरमधून असं ॲनालॉग चित्र देणं २०१३ नंतर बंदच झालं. सेटटॉप बॉक्स सरळ एचडीएमआयने टीव्हीला लावा. रिसीव्हर मध्ये आणूच नका.

आता त्या चौकोनी भोकाबद्दल. ही ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ साली आणली. प्लॅस्टिकच्या बारीक तंतूतून लाल प्रकाश जातो आणि त्या प्रकाशाच्या उघडझापीतून आवाजाचे आकडे पोहोचतात. जोडणी जुनी आहे, यात वाद नाही. पण ती काय वाहून नेते ते बघा. साधा दोन चॅनेलचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज ती जसाच्या तसा नेते आणि डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींचा ५.१ आवाज (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना वेगवेगळा) दाबलेल्या स्वरूपात नेते. तुम्ही मुंबईत डीव्हीडीवर जो ५.१ ऐकून खूश व्हायचात, तो हाच. तिला न झेपणाऱ्या गोष्टीही सांगते : ब्ल्यू-रे डिस्कवरचे अधिक तपशिलाचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी, आणि डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बी ॲटमॉस. या तिन्हींसाठी एचडीएमआय लागतं. म्हणजे "ऑप्टिकलने चालेल का" हा तुमचा प्रश्नच नव्हे. या तीन गोष्टी तुम्ही ऐकता का, किंवा ऐकणार आहात का, हे आधी ठरवायला हवं.

तुम्ही काय ऐकता ते तुम्हीच लिहिलं आहे. नाट्यसंगीताच्या जुन्या मैफलींच्या डीव्हीडी, जुनी नाटकं, डिशवर क्रिकेट आणि बातम्या, आणि शनिवार-रविवारी ॲपवर एखादा सिनेमा. पहिल्या दोन गोष्टी मुळात एक किंवा दोन चॅनेलच्या आहेत. नव्या एचडीएमआयची अठ्ठेचाळीस गिगाबिटची केबल लावली म्हणून जुन्या मैफलीतल्या तंबोऱ्याला नवे सूर फुटणार नाहीत. डिशवरचे बहुतेक चॅनेल दोन चॅनेलचाच आवाज पाठवतात. राहिला ॲपवरचा सिनेमा. तिथे ५.१ असतो, कधी ॲटमॉसही असतो, पण तुमच्या गावात इंटरनेट किती टिकतं हे तुम्ही लिहिलंच आहे : फायबर आलंय, पण पावसात फांदी पडली की तुटतं, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावं लागतं. ४के चित्राला सेकंदाला पंधरा मेगाबिटच्या आसपास सलग वेग लागतो. तो कमी पडला की ॲप आधी चित्र उतरवतं, आणि काही ॲप आवाजही उतरवतात. अशा दिवशी नव्वद हजारांचा संच असो नाहीतर तुमचा जुना रिसीव्हर, दोघांच्या वाट्याला सारखंच येणार.

म्हणून आधी एवढंच करून बघा. पाचशे रुपयांच्या आतली ऑप्टिकल केबल आणा, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंतच्या अंतरापेक्षा हातभर लांब. केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते, ती काढायची. पुष्कळ जण ती न काढताच केबल खुपसतात आणि मग आवाज येत नाही म्हणून रिसीव्हरला दोष देतात. एक टोक टीव्हीत बसवलं की दुसऱ्या टोकावर लालसर उजेड दिसला पाहिजे. दिसला तर टीव्ही आपलं काम करतो आहे. टोकाच्या एका बाजूचे दोन कोपरे कापलेले असतात, ते जुळवून हलकेच दाबा, टक आवाज होऊन बसेल. केबल कुठेही काटकोनात मोडू नका आणि उंदीर फिरतात त्या वाशांवरून तर अजिबात नेऊ नका.

यानंतरची पायरी बहुतेकांकडून राहून जाते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात 'डिजिटल आउटपुट' असा पर्याय असतो. तिथे बहुधा 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला साधा आवाज, निवडलेलं असतं. पीसीएमवर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनेल बाहेर पडतात आणि मागचे स्पीकर गप्प राहतात. तिथे 'ऑटो' किंवा 'डॉल्बी डिजिटल' निवडा. त्याच विभागात टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा. मग रिसीव्हरवर त्या ऑप्टिकल भोकाचं इनपुट निवडा आणि ५.१ आवाज असलेला एखादा सिनेमा ॲपवर लावा. रिसीव्हरच्या पाटीवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं की काम झालं. ॲप बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस नावाच्या नव्या स्वरूपात आवाज देतात. ते ऑप्टिकलमधून जात नाही, पण बहुतेक टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून बाहेर देतात. सगळं करूनही पाटीवर पीसीएमच दिसत राहिलं, तर तुमचा टीव्ही ते रूपांतर करत नाही असं समजा. मग एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढून देणारी लहान डबी मिळते, ती स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीबाहेरून ॲप चालवणारी, एचडीएमआयला लावायची कांडी) आणि टीव्ही यांच्यामध्ये लावता येईल. मात्र ती ४के चित्र आणि त्याचं एचडीसीपी २.२ हे चोरटी प्रत रोखणारं कुलूप दोन्ही पुढे जाऊ देते, हे खोक्यावर वाचल्याशिवाय घेऊ नका.

आवाज ओठांच्या आधी पोहोचतोय असं वाटेल. घाबरू नका. नवा टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतो, त्यात चित्राला क्षणभर उशीर होतो आणि आवाज मात्र सरळ पुढे निघून जातो. तुमच्या रिसीव्हरच्या मेनूत 'ऑडिओ डिले' असेल. बातम्या देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत तो थोडा थोडा वाढवत जा, जुळेल तिथे थांबा.

डीव्हीडी प्लेअर मात्र टीव्हीतून फिरवू नका. काही कंपन्यांचे नवे टीव्ही डीटीएस आवाज पुढे जाऊ देत नाहीत, आणि तुमच्याकडच्या काही डीव्हीडींवर तोच असू शकतो. प्लेअरचं चित्र टीव्हीला द्या आणि आवाज वेगळ्या ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल (गोल पिनेच्या, तांब्याच्या) वायरने थेट रिसीव्हरला.

आता तुमच्या भीतीकडे येते : आता बदललं नाही तर पुढे काही जोडता येणार नाही. ही भीती मला वाचकांच्या पत्रांतून वारंवार भेटते, आणि तिच्यापायी चांगलं चालणारं सामान अडगळीत जातं म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. एचडीएमआय २००२च्या अखेरीस आलं. २००६ मध्ये त्याची १.३ ही आवृत्ती आली, तिच्यातून ट्रूएचडी जाऊ लागला. टीव्हीतला आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे आणणारी एआरसी ही सोय २००९ च्या १.४ मध्ये मिळाली. सेकंदाला साठ फ्रेमचं ४के २०१३ च्या २.० मध्ये, आणि ईएआरसी (एआरसीचीच वाढीव क्षमतेची सोय) व ८के २०१७ च्या २.१ मध्ये. २०२५ मध्ये २.२ जाहीर झालं. समजा, तुम्ही घाबरून २००८ साली एचडीएमआयवाला रिसीव्हर घेतला असतात. त्यात एआरसी नसतं. २०१० साली बदलला असतात तर पुरतं ४के नसतं. २०१४ ला बदलला असतात तर ईएआरसी नसतं. प्रत्येक वेळी दुकानात "आता हा घेतला की पुढची चिंता नाही" हेच ऐकायला मिळालं असतं. भविष्यासाठी म्हणून घेतलेली जोडणी पाच-सात वर्षांत मागे पडते. आज जे ऐकायचं आहे त्यासाठी घेतलेली जोडणी, ते ऐकणं चालू आहे तोवर उपयोगी राहते.

शिवाय स्पीकरचा या आकड्यांशी काही संबंध नाही. स्पीकरला दोन तारा लागतात, आजही आणि पन्नास वर्षांपूर्वीही. दुकानदाराने नव्वद हजारांत नवे स्पीकर का धरले, हे त्याला नक्की विचारा. तुमचे स्पीकर तपासायचे असतील तर पुढची जाळी काढा आणि कागदाच्या शंकूभोवतीची कड बोटाने अगदी हलकी दाबा. रबराची असेल तर लवचिक लागेल, अजून खूप वर्षं चालेल. फोमची असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत ती एवढ्या वर्षांत चिकट होऊन भुगा पडायला लागलेली असू शकते. तरीही स्पीकर टाकायचा नाही. कड बदलून देणारे कारागीर मुंबई-पुण्यात अजून आहेत, आणि नव्या स्पीकरच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

डॉल्बी ॲटमॉसबद्दल तुम्ही विशेष विचारलं आहे. पुतण्याने ते नाव घेतलं, दुकानदारानेही घेतलं. २०१२ मध्ये सिनेमागृहांत आणि २०१४ पासून घरांत आलेलं हे तंत्र खरोखर सुंदर आहे. पाऊस, पाखरं, विमान यांचे आवाज डोक्यावरून येतात. पण घरात ते डोक्यावरून यावेत यासाठी एकतर छताला स्पीकर लावावे लागतात किंवा वर तोंड केलेले स्पीकर घ्यावे लागतात. हे दुसरे आवाज छतावर आपटून खाली आणतात, आणि त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण आठ ते बारा फुटांवर असावं लागतं. तुमची ओटी कौलारू आहे, छताला उतार आहे, मधे वासे-रिपा आहेत, आणि आढं बारा फुटांच्या बरंच वर असणार. वर गेलेला आवाज तिथे विखुरतो, खाली येतच नाही. ॲटमॉसची पाटी असलेल्या बहुतेक साउंडबारनाही हाच नियम लागतो. शिवाय साउंडबार बाजूच्या भिंतींवर आवाज आपटवून तो मागून आल्याचा भास देतो, आणि तुमच्या ओटीची एक बाजू पडवीकडे उघडी आहे. तिकडे गेलेला आवाज अंगणातल्या माडांना ऐकू येईल. तुमच्या घरात मागे ठेवलेले दोन खरे स्पीकर कुठल्याही साउंडबारपेक्षा सरस ठरतील, हे मी खात्रीने सांगते. पुतण्याचं चुकलेलं नाही. तो शहरातल्या स्लॅबच्या, चार भिंतींच्या खोलीत राहतो, आणि तिथे त्याचा सल्ला योग्यच आहे.

इन्व्हर्टरवरच्या घुं घुं आवाजाचंही तसंच. स्वस्त इन्व्हर्टर वीज गुळगुळीत लाटेत देत नाहीत, चौकोनी टप्प्यांत देतात. तुमच्या रिसीव्हरमध्ये जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, तो अशा विजेवर गुणगुणतो. महावितरणची लाइट आली की आवाज थांबतो ना? मग रिसीव्हर निरोगी आहे. इन्व्हर्टरवर तो चालवू नका, एवढंच. लाइट असतानाही गुणगुण येत असेल, एखादा चॅनेल मधेच जात असेल किंवा आवाज वाढवताना खरखर होत असेल, तर मात्र आधी मेकॅनिककडून आतली साफसफाई करून घ्या. पालीची अंडी आणि मुंग्यांची वारुळं मागच्या जाळीतून आत गेलेली मी पाहिली आहेत, आणि ती काढल्यावर यंत्रं पुन्हा बोलू लागलेलीही.

वहिनींना संवाद ऐकू येत नाहीत, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, आणि ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. नवे टीव्ही इतके पातळ झाले आहेत की त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग माणसापर्यंत येतो. त्यात तुमची लादी आणि उघडी जांभ्याची भिंत, म्हणजे घुमणं आलंच. तुमच्याकडे मधला, म्हणजे सेंटर स्पीकर आहे. सिनेमात बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात. रिसीव्हर सुरू झाला की त्या एका स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. नाटकाच्या किंवा बातम्यांच्या दोन चॅनेलच्या आवाजासाठी 'प्रो लॉजिक टू' हा पर्याय लावा, तुमच्या काळातल्या रिसीव्हरमध्ये तो असतोच. त्याने माणसांचे आवाज मधल्या स्पीकरकडे येतात आणि टाळ्या, वाद्यं बाजूला पसरतात. रात्री 'नाइट मोड' लावलात तर धडामधूम कमी होऊन बोलणं वर येतं. खाली सतरंजी पसरा, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगता आली तर फारच छान. मग वहिनींना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून त्यांच्याच पसंतीने पातळी ठरवा. एवढ्यावरही त्यांना शब्द तुटक वाटले, तर कानांची तपासणी करून घ्या. कुठल्याही रिसीव्हरच्या आधी तो खर्च करण्याजोगा आहे.

आपल्या किनारपट्टीवर ऑप्टिकलचा आणखी एक मोठा गुण आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. त्या केबलमध्ये धातू नसतो. मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात किंवा ऑक्टोबरच्या विजांत जवळपास वीज पडली, तर दाब डिशच्या वायरीतून सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून पुढे जे काही तांब्याने जोडलेलं असेल त्यात जातो. एचडीएमआयचे भाग नाजूक असतात, बहुधा तेच आधी जळतात. ऑप्टिकलने जोडलेल्या रिसीव्हरकडे हा दाब त्या वाटेने येऊच शकत नाही. प्लगमधून येईल, म्हणून आकाश भरून आलं की प्लग काढायचा आणि डिशची वायरही सोडवायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तुमच्या बजेटमधला पहिला खर्च मी इथे करेन. गावातल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा पुष्कळदा उथळ असतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसले तर काम काढा. अर्थिंग नसेल तर महागातला सर्ज प्रोटेक्टरही (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं यंत्र) नावापुरताच. नवा टीव्ही कमी-जास्त दाब बराच सोसतो, पण तुमच्या रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टांसाठी बांधलेला आहे, त्याला स्टॅबिलायझर द्या.

खाऱ्या हवेचं तर तुम्हाला मी काय सांगावं. तरी रिसीव्हरच्या मागे बॅटरी मारून स्पीकरच्या तारांची टोकं बघा. तांब्यावर हिरवट चढ आलेला दिसेल, पुष्कळदा तार आतपर्यंत काळी पडलेली असते. तेवढी इंच-दोन इंच कापून टाका, नवी चकचकीत तार सोलून पुन्हा आवळून बसवा. मागचा एखादा स्पीकर दबका वाटत असेल तर तो एवढ्यानेच मोकळा होण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात रिसीव्हर प्लॅस्टिकने झाकून ठेवू नका, ओल आत कोंडते. रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने तो कोरडा राहतो. दिवाळीपासून तो बंदच आहे, हे वाचून मला त्याच्या जोडण्यांची काळजी वाटली.

मग नवा रिसीव्हर कधी घ्यायचा? माझ्या मते तीन परिस्थितींत. जुना दुरुस्तीपलीकडे गेला तर. घरात कुणी ४के डिस्क जमवायला लागलं, किंवा सेकंदाला एकशे वीस फ्रेमचे खेळ खेळणारा गेमिंग कन्सोल आला तर. किंवा तुम्ही स्लॅबची सपाट छताची खोली खास यासाठी बांधली तर. नुसतं ॲपवरचं ॲटमॉस ऐकायचं असेल तर साधं एआरसीसुद्धा चालतं, कारण ॲप ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून देतात. ईएआरसीची खरी गरज डिस्कवरच्या ट्रूएचडीला लागते. तेव्हा "ईएआरसी नाही म्हणजे काहीच नाही" असं कुणी म्हणालं तर घाई करू नका.

घ्यायची वेळ आलीच तर फक्त रिसीव्हर घ्या, स्पीकर तुमचेच ठेवा. स्पीकरच्या मागे सहा की आठ ओहम लिहिलंय ते टिपून न्या आणि नवा रिसीव्हर तेवढ्यावर चालतो का ते विचारा. टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तिथेच एचडीएमआय केबल लावायची, आणि टीव्हीच्या मेनूत सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करायचं, नाहीतर आवाज येणार नाही. केबल तीन मीटरच्या आत राहील अशी मांडणी करा. खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड'चं प्रमाणपत्राचं लेबल असेल तर तेवढं पुरे, सोन्याच्या मुलाम्याच्या नावाने जास्त पैसे देऊ नका.

ज्या वाचकांकडे वेगळा रिसीव्हर नसून डीव्हीडी प्लेअरसकट एकाच खोक्याचं होम थिएटर आहे, त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. त्या संचांचे स्पीकर बहुधा तीन-चार ओहमचे असतात आणि त्यांच्या पिनाही खास असतात, ते दुसऱ्या रिसीव्हरला लावायला जाऊ नका. पण खोक्याच्या मागे ऑप्टिकल किंवा 'ऑक्स' (बाहेरचा साधा ॲनालॉग आवाज घेणारं) असं भोक आहे का ते बघा. ऑप्टिकल असेल तर वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. फक्त ऑक्स असेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून साध्या वायरीने दोन चॅनेलचा आवाज आणता येतो. टीव्हीला हेडफोनचं भोकच नसेल तर ऑप्टिकलचं ॲनालॉग करून देणारी लहानशी डबी मिळते, तीही काही शे रुपयांत. मात्र या संचाचं मुख्य खोकं बिघडलं तर त्याच्या दुरुस्तीवर फार पैसे घालू नका. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि मग सपाट छताच्या, बंद खोलीच्या घरात साउंडबार घेणं हाच समंजस मार्ग आहे.